‘इग्बी गोज डाऊन’ : श्रीमंत घरातील बंडखोर आणि काळा विनोद

प्रस्तावना

अमेरिकन चित्रपटसृष्टीत बंडखोर किशोराची परंपरा जुनी आहे. १९५५ साली प्रदर्शित झालेल्या ‘रिबेल विदाउट अ कॉज’मध्ये जेम्स डीनने मध्यमवर्गीय घरातील अस्वस्थ मुलगा उभा केला आणि ती प्रतिमा पुढे अनेक वर्षे टिकून राहिली. नंतरच्या काळात ही अस्वस्थता अधिक सधन घरांतही दिसू लागली. १९६७ च्या ‘द ग्रॅज्युएट’मधील बेंजामिन पदवी घेऊन घरी येतो आणि वडिलांच्या पोहण्याच्या तलावात नुसता तरंगत राहतो. १९७१ च्या ‘हॅरल्ड अँड मॉड’मधील हॅरल्ड आईसमोर गळफासाचे नाटक करतो, तेव्हा ती शांतपणे दूरध्वनीवर बोलत असते. याच परंपरेत २००२ साली आलेल्या, बर स्टीअर्स लिखित आणि दिग्दर्शित ‘इग्बी गोज डाऊन’ या चित्रपटाचा विचार करावा लागतो.

गरीब घरातील मुलाच्या बंडाला कारण सांगावे लागत नाही. ते परिस्थितीतच दिसते. श्रीमंत घरातील मुलाला मात्र पावलोपावली एकच प्रश्न विचारला जातो : तुला कमी काय आहे? हा प्रश्न पालक विचारतात आणि, खरे तर, अध्यापकही विचारतात. फी वेळेवर भरलेली, पुस्तके घेतलेली, वाहन दारात उभे आणि तरीही वर्गात न येणारा विद्यार्थी कोणत्याही महाविद्यालयास अपरिचित नाही. त्याला लाडावलेला म्हणून सोडून देणे सोपे असते. स्टीअर्सचा चित्रपट हा सोपा निकाल देत नाही. परंतु त्या मुलाची कड घेऊन त्याला हुतात्माही करीत नाही. या बंडाचा खर्च कोण करतो, हा अवघड प्रश्न तो सतत डोळ्यांसमोर ठेवतो.

कथानकाची मांडणी

इग्बी स्लोकम हा सतरा वर्षांचा मुलगा. आई मिमी उच्चभ्रू, करारी आणि गोळ्यांच्या आहारी गेलेली. वडील जेसन मनोविकाराने ग्रस्त असून दूर एका संस्थेत आहेत. थोरला भाऊ ऑलिव्हर कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकतो आणि घराण्याला हवा तसा वागतो. एकामागून एक नामांकित शाळांतून काढून टाकल्यावर इग्बीला लष्करी शिस्तीच्या शाळेत पाठवले जाते. तेथून तो पळतो. पुढे न्यूयॉर्कमध्ये धर्मपिता डी. एच. बेन्स याच्याकडे तो कामाला लागतो. बेन्स हा जुन्या इमारतींतील जागा दुरुस्त करून विकणारा धनिक. त्याची प्रेयसी रेचेल, तिच्या वर्तुळातील अमली पदार्थांचे व्यवहार, सूकी नावाची तरुणी आणि तिचे पुढे ऑलिव्हरकडे वळणे या वळणांनी कथा मिमीच्या कर्करोगापर्यंत आणि मृत्यूपर्यंत येते.

चित्रपटाचा आरंभ मात्र शेवटाच्या जवळून होतो. दोन मुलगे आईच्या पलंगाजवळ आहेत आणि ती घोरते आहे. ती मरावी म्हणून दोघे थांबलेले आहेत, हे प्रेक्षकाला किंचित उशिराने उमगते. मग कथा मागे जाते. या रचनेमुळे पुढचा प्रत्येक विनोद प्रेक्षक मृत्यू ठाऊक असतानाच ऐकतो. चित्रपटाच्या परिणामाचा मोठा भाग या एका निर्णयावर अवलंबून आहे.

दिग्दर्शकाचे सामाजिक स्थानही येथे नोंदवले पाहिजे. बर स्टीअर्सचे वडील न्यूटन स्टीअर्स हे मेरिलँडमधून अमेरिकन प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते (१९७७ ते १९७९), आणि ख्यातनाम लेखक गोर विडाल हे नात्याने त्याचे मामा. विडाल या चित्रपटात एका शाळेच्या प्रमुखाच्या छोट्या भूमिकेत दिसतातही. ज्या वर्गाची टिंगल करावयाची, त्या वर्गातील मामालाच शाळाप्रमुख करणे ही गंमत जाणकारांसाठी ठेवलेली असावी. इग्बीची भूमिका कीरन कल्किनने केली आणि दहा वर्षांच्या इग्बीची त्याचाच धाकटा भाऊ रोरी याने. कल्किन आणि मिमी झालेल्या सुसान सरँडन या दोघांना या भूमिकांसाठी गोल्डन ग्लोब पुरस्काराची नामांकने मिळाली होती.

काळा विनोद म्हणजे काय?

ज्याला समीक्षेत ‘ब्लॅक कॉमेडी’ म्हणतात, त्याचा अर्थ पुष्कळदा ‘मृत्यूवर केलेला विनोद’ असा घेतला जातो. हा अर्थ अपुरा आहे. मृत्यूवर विनोद तर स्मशानातून परतणारी माणसेही करतात. काळ्या विनोदात प्रसंग भयंकर असतो आणि माणसांचे वागणे मात्र नेहमीच्याच चाकोरीतून चाललेले असते. मराठी वाचकाला यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मध्ये (१९७४) मेलेले भाऊराव जुन्याच स्मशानात दहन व्हावे म्हणून हटून बसतात आणि चाळीचे रहाटगाडगे आपल्या गतीने चालू राहते. तेथे हसू येते ते विधींच्या आणि शेजारधर्माच्या या निर्विकार चालू राहण्याचे.

स्लोकम कुटुंबात विधींची जागा शिष्टाचाराने घेतली आहे. येथे कोणी आवाज चढवत नाही. अपमान होतात ते नीट बेतलेल्या वाक्यांत. ऑलिव्हरची ओळख करून देताना तो विद्यापीठात नवफॅसिझम शिकतो असे इग्बी सांगतो. अर्थशास्त्र, अशी ऑलिव्हर दुरुस्ती करतो. आणि हा केवळ शब्दांचा फरक आहे, असे इग्बी त्यावर म्हणतो. विनोद चांगला आहे. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की ऑलिव्हर चिडत नाही. या घरात चिडणे हाच पराभव मानला जातो. मिमीही आपल्या मरणाची व्यवस्था एखाद्या मेजवानीची व्यवस्था करावी तशी करते : कोणी उपस्थित राहावे, काय द्यावे, केव्हा द्यावे. पुढे औषध ठरल्याप्रमाणे काम करीत नाही आणि प्लॅस्टिकच्या पिशवीचा आधार घ्यावा लागतो, तेव्हा शिष्टाचाराचा तो सुरेख पडदा फाटतो. तरीही पिशवी हातात घेणारा ऑलिव्हर नीटनेटकाच राहतो.

मुलगे आईला ‘मिमी’ म्हणतात, हा तपशीलही याच अंगाने पाहता येतो. मराठीत आई ही एकेरीने बोलावण्याची व्यक्ती आहे. वडिलांना ‘अहो’ म्हणणारा मुलगाही आईला ‘अगं’ म्हणतो आणि त्या एकेरीत जवळीक असते. येथे आईला नावाने हाक मारण्यात तशी जवळीक नाही. नाते बाजूला ठेवून नाव वापरले की ती घरातील एक प्रभावी व्यक्ती उरते, आई उरत नाही. मुलाचे नावही असेच तिच्या शस्त्रागारातून आलेले आहे. लहानपणी आपल्या चुका तो ‘डिग्बी’ नावाच्या खेळण्यातील अस्वलावर ढकलत असे आणि ते नाव ‘इग्बी’ असे उच्चारत असे. त्याने खरे बोलावे म्हणून आईने त्यालाच इग्बी म्हणण्यास सुरुवात केली. म्हणजे ज्या नावाने तो जगात वावरतो, ते मुळात एका खोटेपणाची कायमची आठवण आहे.

बंडाचा खर्च

लष्करी शाळेतून पळालेला इग्बी शिकागोत एका हॉटेलात राहतो, ते आईच्या क्रेडिट कार्डावर. चित्रपटातील सर्वांत बोलका तपशील हाच आहे. पळणाऱ्याच्या खिशात ज्या घरातून पळायचे त्याच घराचे कार्ड आहे. पुढेही हेच घडत राहते. काम मिळते ते धर्मपित्याकडे. घरी न जाता न्यूयॉर्कमध्ये लपायचे ठरते, तेव्हा लपण्याची जागा म्हणजे रेचेलचा स्टुडिओ. आणि त्याच्यामागे पैसा बेन्सचा. बंडखोर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो, पण इमारत एकाच मालकीची राहते.

बेन्सची व्यक्तिरेखा येथे निर्णायक ठरते. जेफ गोल्डब्लमने ती अतिशय मृदू, हसतमुख पद्धतीने रंगवली आहे. बेन्स कोणालाही झिडकारत नाही. तो सर्वांची सोय करतो. पत्नीची वेगळी सोय, प्रेयसीची वेगळी, मित्राच्या विस्कटलेल्या कुटुंबाची वेगळी. इग्बी आणि रेचेल यांचे संबंध उघड झाल्यावर तो इग्बीला मारहाण करतो, आणि तीही एखादा हिशेब चुकता करावा अशी. व्यसनात कोसळलेल्या रेचेलला तो ज्या सफाईने आपल्या आयुष्यातून दूर करतो, त्यात क्रौर्यापेक्षा व्यवहार अधिक आहे. पैसा माणसांना दुष्ट करतो, असे ढोबळ विधान चित्रपट करीत नाही. पैशामुळे प्रत्येक नाते एक व्यवस्था होऊन बसते आणि व्यवस्थेविरुद्ध बंड करणाऱ्यालाही तीच व्यवस्था पोसते, हे तो दाखवतो.

शाळांचे चित्रणही याच सूत्रात बसते. इग्बीला शिकवणारा एकही शिक्षक प्रेक्षकाच्या स्मरणात राहत नाही. लक्षात राहतात ते त्याला काढून टाकणारे. शुल्क घेऊन मुलगा सांभाळणे आणि न जमल्यास परत पाठवणे, इतकेच शाळेचे कार्य उरले आहे. अध्यापक प्रेक्षकाला हे उणे वाटेल, आणि ते काहीसे अन्यायकारकही आहे. परंतु इग्बीच्या नजरेतून जग दिसत असल्याने त्यात अधिक काही दिसणेही शक्य नव्हते.

चित्रपटाची मर्यादाही येथेच आहे. इग्बी ज्यांच्यावर तोंडसुख घेतो, ते सर्व त्याच्याच वर्तुळातील किंवा त्या वर्तुळाच्या कडेला असलेले लोक आहेत. ज्यांच्याकडे असे कार्ड नाही अशा माणसांशी त्याची खरी गाठ क्वचितच पडते. सूकीची ओळखही बेन्सच्या मेजवानीत होते. ती तेथे वाढपाचे काम करीत असली, तरी मूळची महागड्या महाविद्यालयातील विद्यार्थिनीच आहे.

होल्डन, पांडुरंग आणि इग्बी

जे. डी. सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’ (१९५१) या कादंबरीची आठवण या चित्रपटाच्या संदर्भात अनेकांना झाली, आणि ती स्वाभाविक आहे. शाळेतून काढलेला मुलगा, न्यूयॉर्क शहर, दांभिकांविषयीचा तिटकारा, सर्वच जुळते. सॅलिंजरने या कादंबरीवर चित्रपट करण्यास कधीच अनुमती दिली नाही. त्यामुळे होल्डन कॉलफिल्ड पडद्यावर येण्याऐवजी त्याची भावंडेच येत राहिली. मात्र होल्डनपाशी धाकटी बहीण फीबी आहे. तिच्यासाठी तो थांबतो. इग्बीपाशी असे कोणी नाही. त्याला मिळालेले भावंड ऑलिव्हर आहे.

मराठीत होल्डनशी ज्याची तुलना नेहमी झाली, तो भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकर. तोही सधन घरातील मुलगा आहे. पुण्यात वसतिगृहात राहून तो जे पैसे उधळतो, ते सांगवीच्या वडिलांच्या शेतीतून आलेले असतात आणि हे त्याला पुरते ठाऊक असते. बहीण मनीच्या मृत्यूने तो मुळापासून हादरतो. शेवटी पांडुरंग गावी परततो. ज्या घराशी भांडण, त्याच घरात बसून काळ काढणे त्याच्या वाट्याला येते. इग्बीला परतण्यासाठी गाव नाही. त्याचे घर म्हणजे मालमत्ता, आणि मालमत्तेत परतता येत नाही. ती वारसाने मिळते. त्यामुळे पांडुरंगाचे बंड पराभवात विरते, तर इग्बीचे बंड कोठे विरावे हेच ठरत नाही. ही तुलना फार ताणू नये, कारण शेतकरी कुटुंबाची सधनता आणि न्यूयॉर्कमधील वारसाहक्काची श्रीमंती या वेगळ्या गोष्टी आहेत. पण वडिलांच्या पैशावर वडिलांना नाकारण्याची कोंडी दोन्हीकडे एकच आहे.

ज्याची किंमत देता येत नाही

या सर्व व्यवस्थेत न बसणारी एकच व्यक्ती चित्रपटात आहे : जेसन. बिल पुलमनने केलेली ही भूमिका लहान आहे. आपले वडील मनाने कोसळताना दहा वर्षांच्या इग्बीने स्नानगृहात डोळ्यांनी पाहिले आहे. कुटुंबाने जेसनचीही सोय केली. त्याला संस्थेत ठेवले. पण इग्बीच्या मनातून त्याला हलवता आले नाही. इग्बीच्या सगळ्या तिरकस बोलण्यामागे आपणही असेच कोसळू ही भीती आहे, हे लक्षात आले की त्याची बडबड वेगळी ऐकू येते. तो उद्धट आहेच. परंतु गप्प बसलेल्या वडिलांचे काय झाले हे पाहिलेला मुलगा गप्प बसायला घाबरतो.

मिमीच्या मृत्यूनंतर इग्बीचा अलिप्तपणा टिकत नाही. जिच्याविषयी तो इतका काळ केवळ टोचून बोलला, तिच्यासाठी तो रडतो, आणि ऑलिव्हरपेक्षा अधिक रडतो. सरँडनने मिमीला कोठेही मवाळ केले नसल्यामुळे हे रडणे भावविवश वाटत नाही. तोपर्यंत आणखी एक गोष्ट उघड झालेली असते : इग्बीचा जन्मदाता जेसन नसून बेन्स आहे. नाटकी चित्रपटात या रहस्यस्फोटावर एक मोठा प्रसंग उभा राहिला असता. बाप-लेकांची समोरासमोर गाठ पडली असती. स्टीअर्स तो टाळतो. ज्याच्यापाशी पैसा आहे आणि ज्याच्याशी रक्ताचे नाते आहे, त्या बेन्सकडे इग्बी जात नाही. न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्नियाकडे निघण्याआधी तो जेसनला भेटतो आणि मिमी गेल्याचे त्याला सांगतो. समोरच्या माणसाला त्यातले किती कळते, हे सांगता येत नाही. त्याच्याकडून इग्बीला आता काही मिळण्यासारखे नाही, आणि तो काही मागतही नाही.