सिकलसेल आणि नॅनो तंत्रज्ञान: आज काय मिळते, कशासाठी थांबावे लागेल?

घरात सिकलसेलचा रुग्ण असेल, तर 'नॅनो' हा शब्द तुमच्या कानावर पडला असेल. कधी शिबिरातल्या पट्टीच्या चाचणीबद्दल, कधी जनुक उपचारांच्या बातमीत, तर कधी मोबाइलवर आलेल्या औषधाच्या जाहिरातीत. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत. पहिली आज वापरात आहे. दुसरीवर संशोधन चालू आहे. तिसरीपासून सावध राहायला हवे.

नॅनो म्हणजे किती लहान?

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपली लाल रक्तपेशी साधारण 7 ते 8 हजार नॅनोमीटर रुंद असते. तिच्या आतला हिमोग्लोबिनचा एक रेणू जेमतेम 5 ते 6 नॅनोमीटरचा असतो.

सिकलसेलची सुरुवात याच रेणूत होते. आईवडिलांकडून आलेल्या जनुकातील एका बदलामुळे हिमोग्लोबिन 'एस' तयार होते. ऑक्सिजन कमी झाला की हे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे धागे बनतात आणि गोल, लवचिक पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठ होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून असह्य वेदना होतात. त्या लवकर फुटतातही, म्हणून रक्त कमी होते. निरोगी लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते. सिकल झालेली पेशी बहुधा 10 ते 20 दिवसच टिकते.

निदान: पट्टीची चाचणी

विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत अनेक कुटुंबांना सोल्युबिलिटी चाचणी परिचयाची आहे. त्यात रक्त मिसळलेले द्रावण गढूळ झाले, तर हिमोग्लोबिन एस आहे एवढे कळते. मात्र व्यक्ती वाहक (एएस) आहे की रुग्ण (एसएस), हे त्यावरून कळत नाही. सहा महिन्यांपेक्षा लहान बाळात ही चाचणी भरवशाची नसते, कारण त्याच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त असते.

येथे नॅनो तंत्रज्ञान उपयोगी पडते. गर्भधारणेची घरगुती पट्टी तुम्ही पाहिली असेल. तिच्यावर उमटणारी लाल रेघ अनेकदा सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांची असते, कारण सोने इतके बारीक केले की ते पिवळे न दिसता लाल दिसते. सिकलसेलच्या पट्टीतही असेच सोन्याचे किंवा अन्य रंगीत सूक्ष्म कण असतात. त्यांच्या साहाय्याने हिमोग्लोबिन 'ए' आणि 'एस' वेगवेगळे ओळखता येतात. बोटातून काढलेला रक्ताचा एक थेंब पुरतो, निकाल काही मिनिटांत मिळतो आणि मोठे यंत्र लागत नाही.

1 जुलै 2023 रोजी देशात राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू झाली. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. एवढ्या लोकांपर्यंत पोहोचायचे, तर गावातच करता येणारी चाचणी हवी.

पट्टीचा निकाल वाचताना

- पट्टी ही प्राथमिक तपासणी आहे. हिमोग्लोबिन एस आढळल्यास एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही खात्रीची चाचणी करून घ्या.
- थॅलेसेमियाचा वाहक या पट्टीवर ओळखू येत नाही. जोडीदारांपैकी एकाला सिकलसेलचे आणि दुसऱ्याला बीटा थॅलेसेमियाचे जनुक असेल, तरी बाळाला गंभीर आजार होऊ शकतो.
- गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले असेल, तर आधी सांगा. रक्तदात्याचे हिमोग्लोबिन मिसळल्याने निकाल चुकू शकतो.
- काही पट्ट्यांवर रेघ उमटणे म्हणजे 'आहे', तर काहींवर रेघ न उमटणे म्हणजे 'आहे'. म्हणून निकाल स्वतः ठरवू नका, आरोग्य कर्मचाऱ्याला विचारा.

पतीपत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50 टक्के आणि दोन्हींपासून मुक्त असण्याची 25 टक्के असते. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे. त्यावरून कोणाचे, विशेषतः मुलीचे, लग्न मोडण्याचे कारण नाही. लग्नाआधी किंवा गर्भारपणाच्या सुरुवातीलाच दोघांची तपासणी करून समुपदेशन घेणे, हा योग्य मार्ग आहे.

उपचार: नॅनो कण कुठवर पोहोचले?

2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने 'कॅसजेव्ही' या जनुक संपादन उपचाराला मान्यता दिली. यात रुग्णाच्या मूळ पेशी शरीराबाहेर काढून त्यांच्या जनुकात बदल करतात. मग तीव्र केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करून त्या पेशी परत सोडतात. उपचार प्रभावी आहे, पण अवघड आहे. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे 22 लाख डॉलर ठरवण्यात आली. हा उपचार नॅनो कणांनी होत नाही.

संशोधकांना यातली केमोथेरपी टाळायची आहे. त्यासाठी स्निग्ध पदार्थांच्या नॅनो कणांत जनुक दुरुस्तीचा संदेश भरून तो इंजेक्शनने थेट अस्थिमज्जेपर्यंत पोहोचवण्याचे प्रयत्न चालू आहेत. कोविडच्या फायझर आणि मॉडर्ना लशींमध्ये असेच कण होते. अडचण अशी की शिरेतून दिलेले हे कण बहुतांशी यकृतात जातात. 2023 मध्ये फिलाडेल्फियातील शास्त्रज्ञांनी कणांवर विशिष्ट प्रतिपिंड बसवून ते उंदरांच्या अस्थिमज्जेतील मूळ पेशींपर्यंत पोहोचवले. सिकलसेल रुग्णांच्या पेशींवरही त्यांनी प्रयोगशाळेत प्रयोग केला. ही आशादायक सुरुवात आहे, पण ती नेहमीच्या उपचारापर्यंत यायला वेळ लागेल.

तोपर्यंत काय करावे?

'नॅनो औषधाने सिकलसेल मुळापासून बरा' असा दावा करणारे चूर्ण, थेंब किंवा इंजेक्शन घेऊ नका. सिकलसेल बरा करणारे असे कोणतेही नॅनो औषध आज उपलब्ध नाही. त्याच्या नादात चालू उपचार बंद पडले, तर जिवावर बेतू शकते.

आयुष्य वाढवणारे उपचार आजही हाताशी आहेत:

- डॉक्टरांनी दिलेले हायड्रॉक्सियुरिया रोज घ्या आणि रक्ततपासणी वेळेवर करा. मूल होऊ देण्याचा विचार असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा.
- लहान मुलांना किमान पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन आणि सर्व लशी द्या.
- भरपूर पाणी प्या. कडक ऊन, थंडी आणि अतिश्रम टाळा.
- योग्य रुग्णाला जुळणारा दाता मिळाल्यास अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो. त्याबद्दल रक्तविकारतज्ज्ञांना विचारा.

101 अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, अचानक पांढरे पडणे, पोटात डाव्या बाजूला फुगवटा येणे किंवा हातपाय लुळे पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. जाताना सिकलसेलचे कार्ड आणि चालू औषधांची यादी सोबत घ्या.