हाडांची झीज आणि शरीरातील संदेशवाहक द्रव्ये

सोलापुरात हजारो स्त्रिया विड्या वळून संसार चालवितात. पन्नाशीनंतर त्यांची पाठ दुखू लागली की दोष बैठकीला दिला जातो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे.

हाड निर्जीव नसते. त्यातील काही पेशी जुने हाड विरघळवितात, तर काही नवे रचतात. रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींतून स्रवणारे एक द्रव्य हाड विरघळविणाऱ्या पेशींना उत्तेजन देते, असे १९७२ मध्ये आढळले. त्यातील प्रमुख घटक ‘इंटरल्यूकिन-१’ असल्याचे १९८५ मध्ये दिसून आले. इस्ट्रोजेन हे संप्रेरक अशा द्रव्यांना आवर घालते. मासिक पाळी थांबल्यावर हा आवर सुटतो आणि झीज भरणीच्या पुढे जाते.

सोलापूरला उन्हाचा तोटा नाही; परंतु दिवसभर घरात बसणाऱ्या स्त्रीच्या अंगाला ते लागत नाही. ड जीवनसत्त्व कमी पडले की अन्नातील कॅल्शियम पुरेसे शोषले जात नाही. मग परावटू ग्रंथींचे संप्रेरक ते हाडांतून काढून घेते. उंची घटणे, पोक येणे, साध्या पडण्याने मनगट मोडणे ही या झिजेची लक्षणे असू शकतात. ती दिसताच शासकीय रुग्णालयात तपासणी करून घ्यावी.