गर्भाचे पहिले अठ्ठावीस दिवस

नाशिकच्या भाजीबाजारांत मेथी-पालकाच्या जुड्यांचे ढीग नित्य दिसतात. जें जीवनसत्त्व कमी पडल्यास गर्भाचा पाठकणा उघडा राहूं शकतो, तें याच पालेभाज्यांत असतें. तरीहि असलीं बालकें जन्मास येतात. असें कां व्हावें?

गर्भ अगदीं इवलासा असतांना त्याच्या पाठीवरील पेशींची पट्टी दुमडून तिची नळी होते. मेंदू व मज्जारज्जू तिच्यापासूनच घडतात. ही नळी सुमारें अठ्ठावीस दिवसांत मिटते. वरचें टोंक उघडें राहिल्यास मूल जगत नाहीं. खालचें राहिल्यास पाठीवर आवाळूं येतें व पाय लुळे पडूं शकतात. आईला दिवस गेल्याची खात्री पटेपर्यंत बहुधा सर्व ठरून गेलेलें असतें.

या जीवनसत्त्वाचा शोध मुंबईशीं निगडित आहे. १९२८ सालीं तेथें आलेल्या डॉ. लूसी विल्स यांनीं गिरण्यांतील गरोदर स्त्रियांचा पंडुरोग यीस्टच्या अर्कानें बरा केला. त्यांतील गुणकारी द्रव्य, म्हणजे फॉलिक आम्ल, १९४१ मध्यें पालकाच्या पानांतून वेगळें काढण्यांत आलें. पूर्वीं असें मूल झालेल्या स्त्रियांनीं गर्भधारणेच्या आधींपासून तें घेतल्यास पुनरावृत्ति जवळजवळ तीन-चतुर्थांशानें घटते, हें सात देशांतील प्रयोगानें १९९१ मध्यें सिद्ध झालें. अमेरिकेनें १९९८ पासून तें पिठांतच मिसळण्याचा कायदा केला, आणि तेथील प्रमाण खालीं आलें.

भारतांतील निरनिराळ्या पाहण्या एकत्र करून २०१३ मध्यें काढलेलें प्रमाण हजार जन्मांमागें सुमारें चार आहे. मात्र असले आंकडे जपून वाचावे लागतात. मोठ्या इस्पितळांत अवघड बाळंतपणें गोळा होतात, म्हणून तेथील आंकडा फुगतो. उलट, सोनोग्राफींत दोष दिसून गर्भपात झाला तर तो जन्माच्या नोंदींत येतच नाहीं. जन्म कमी दिसले म्हणून व्यंग कमी झालें असें नव्हे. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर घरींच झालेल्या मृत जन्माची दखल तरी कोण घेणार?

महाराष्ट्रांत आणखी एक गुंता आहे. पुण्याजवळील खेड्यांतील गर्भवतींच्या रक्तांत फॉलिक आम्लाची उणीव क्वचितच आढळली. निम्म्याहून अधिक जणींत उणें होतें तें बी-१२. त्यावांचून शरीरास फॉलिक आम्लाचा पुरा उपयोग करून घेतां येत नाहीं. आणि तें मेथींत नसून दूध, अंडीं, मासे व मांस यांत असतें.

लग्नाच्या यादींत अक्षतांपासून भांड्यांपर्यंत सारें असतें. फॉलिक आम्लाची गोळी तेवढी नसते. ती गर्भधारणेपूर्वीं निदान महिनाभर सुरू व्हावी लागते. आधींचें मूल असें झालें असेल, तर मात्रा नेहमींच्या दसपट, आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच.