मोह गळायला लागतो तेव्हा

पावसाळ्यातल्या रानभाज्यांचं कौतुक आता शहरांपर्यंत पोचलं आहे. टाकळा, कुर्डू, कंटोळी बाजारात मिळतात, त्यांचे महोत्सव भरतात. पण रानाचा आणखी एक खाण्याचा हंगाम असतो आणि मला तो जास्त चकित करतो. तो येतो फाल्गुन-चैत्रात. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाटातलं पानझडी जंगल तेव्हा पार सुकलेलं असतं. ओढे आटलेले, पायाखाली पाचोळा चुरतोय, दुपारी सावली शोधावी लागते. आणि नेमकं तेव्हाच मोह फुलतो, चारोळीच्या झाडाला फळं धरतात, कुसुमाला लालभडक पालवी फुटते. पाऊस थांबून पाच महिने झालेले, पुढचा यायला दोन-अडीच महिने बाकी. मग या फुलांत आणि पालवीत रस येतो कुठून?

उत्तर पानगळीतच आहे. झाडाचं पाणी सर्वाधिक खर्च होतं ते पानांतून. पानं गळाली की तो खर्च जवळजवळ थांबतो. मुळं मात्र खोलवरच्या ओलाव्यातून थोडं थोडं पाणी ओढतच असतात. ते आता उडून जात नाही, खोडात आणि फांद्यांत साठत जातं. बाहेरून वाळल्यासारखं दिसणारं झाड आतून पुन्हा ओलं होत असतं आणि ती ओल पुरेशी झाली की कळ्या फुगतात.

पण फुटायचं कधी, हे कोण सांगतं? पाऊस तर सांगू शकत नाही, तो आलेलाच नसतो. स्टीफन इलियट, पॅट्रिक बेकर आणि रॉल्फ बोर्चर्ट या तिघांनी थायलंडमधल्या अशाच मोसमी जंगलांचा अभ्यास करून २००६ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. तिथली अनेक झाडं पहिल्या पावसाच्या एक-दोन महिने आधी, ऐन कोरड्या दिवसांत पालवतात, आणि त्यांना इशारा मिळतो तो वाढत्या दिनमानाचा, असं त्यांनी मांडलं. विषुववृत्ताच्या एवढ्या जवळ दिनमान फारसं बदलत नाही. अर्ध्या तासाचा किंवा त्याहूनही कमी फरक या झाडांना पुरतो. आपल्याला घड्याळ पाहिल्याशिवाय जो कळत नाही, तो त्यांना कळतो. पहिला पाऊस येतो तेव्हा यांची पानं उन्हातून अन्न बनवायला तयार बसलेली असतात. चैत्रपालवी म्हणतो ती ही.

आता मोहाकडे जवळून पाहू. मोह हा चिकूच्या कुळातला, बकुळ त्याच्याच नात्यातली. निष्पर्ण फांद्यांच्या टोकांना तांबूस मखमली कळ्यांचे घोस येतात. कळी उमलण्याआधीच तिच्यातून एक लांब दांडी बाहेर डोकावते. ही स्त्रीकेसराची वाहिनी. तिचं टोक परागकण घ्यायला आधी तयार होतं, पाकळ्यांचा भाग मागाहून भरतो. पाकळ्या सुट्या नसतात. त्या एकमेकींना जोडून एक मांसल, फिकट पिवळसर, गरासारखा गोळा बनतो आणि पुंकेसर त्याच्या आतल्या अंगाला चिकटलेले असतात. रात्री झाडाभोवती उग्र गोड वास पसरतो आणि वटवाघळं येतात. ती हा गर खातात, तोंडाला लागलेले पराग दुसऱ्या घोसावर नेतात. पहाटेच्या सुमारास उरलेले गोळे आपोआप सुटून टपटप खाली पडतात.

खाली काय पडतं आणि वर काय राहतं, हे नीट पाहण्यासारखं आहे. पडतो तो गर आणि त्याच्या आतले पुंकेसर. स्त्रीकेसर आणि त्याच्या तळाचा बीजकोश घोसावरच राहतात, त्यांचंच पुढे फळ होतं. म्हणजे मोहफुलं वेचणारी बाई टोपलीत भरते ते झाडाचं काम संपल्यावर त्याने टाकलेलं असतं. ती कितीही वेचो, येणाऱ्या फळात एकानेही घट होत नाही. खाण्यासाठी फूल घ्यावं आणि तरीही फळ जागेवर राहावं, अशी वनस्पती मला दुसरी पटकन आठवत नाही.

वेचणी उजाडता उजाडता होते. ऊन चढलं की फुलं मऊ पडून आंबायला लागतात, शिवाय हरणं आणि अस्वलं आधीच ताव मारून जातात. पहाटेच्या अंधारात वेचणारी माणसं आणि अस्वल समोरासमोर येण्याचे प्रसंग दर हंगामात घडतात. विदर्भातल्या जंगलाकडेच्या गावांत ही भीती खरी आहे. वेचलेली फुलं अंगणात वाळवली की मनुकांसारखी तपकिरी आणि चिवट होतात, वर्षभर टिकतात. वाळलेल्या फुलाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. शिजवून खातात, भाजून तिळाबरोबर कुटून लाडू करतात, आटवून पाक करतात. दुष्काळात या फुलांनी कित्येक घरं जगवली आहेत.

आणि तरीही सरकारदरबारी मोहाची ओळख दीर्घकाळ एकच राहिली, ती दारूची. १८९२ साली मुंबई सरकारने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांवर बंधनं घालणारा कायदा केला. स्वातंत्र्यानंतरही साठवणुकीवर आणि वाहतुकीवर परवान्यांचे निर्बंध होते, ते महाराष्ट्राने २०२१ मध्ये उठवले. ज्याच्या घरात हे धान्याच्या जोडीने साठवायचं अन्न आहे, त्याला इतकी वर्षं स्वतःच्याच फुलांसाठी परवाना लागत होता. हा अन्याय होता, आणि तो दूर व्हायला सव्वाशेहून अधिक वर्षं गेली.

चैत्रातलं औषधी खाणं शहरातल्या मराठी माणसालाही अगदीच परकं नाही. पाडव्याला कडुनिंबाची कोवळी पानं आणि फुलोरा, गूळ, हिंग, ओवा, भिजवलेली चणाडाळ वाटून आपण खातोच. ते झाड तेव्हाच नवं पालवलेलं असतं, म्हणून कोवळी पानं हाताशी येतात.

पण अन्न आणि औषध यांतलं अंतर किती कमी असतं, हे पाहायचं तर कुड्यापाशी थांबावं. चैत्र-वैशाखात कोकणापासून विदर्भापर्यंत पांढरा कुडा फुलतो. पाच पाकळ्यांची पांढरी सुवासिक फुलं झुबक्यांनी येतात. कोकणात त्यांची कांद्यावर परतून भाजी करतात, किंचित कडवट लागते. याच झाडाची साल म्हणजे आयुर्वेदातला कुटज, बिया म्हणजे इंद्रजव. सालीत कोनेसिन नावाचं अल्कलॉइड असतं, ते आमांश करणाऱ्या अमीबाला मारतं. कुटजारिष्ट पोटाच्या तक्रारींवर दिलं जातं ते यामुळे. कुडा ज्या कुळातला, त्याच कुळात कण्हेर आहे, जी जीव घेते. सर्पगंधा आहे, जिच्यातून रक्तदाबावरचं रेसर्पिन मिळालं. सदाफुली आहे, जिच्यातून रक्ताच्या कर्करोगावरचं व्हिन्क्रिस्टीन मिळालं. ही रसायनं झाड आपल्यासाठी बनवत नाही. कुरतडणाऱ्या, पोखरणाऱ्या जिवांना दूर ठेवायला बनवतं. अमीबाला जे विष, ते योग्य मात्रेत आपल्याला औषध. मात्रा चुकली तर आपल्यालाही विष.

त्यात कुड्यासारखाच दिसणारा काळा कुडाही त्याच रानात असतो. पान तोडलं की दोघांतूनही पांढरा चीक येतो. फूल हातात घेऊन पाहिलं तर काळ्या कुड्याच्या फुलात मधोमध बारीक झालर असते, पांढऱ्या कुड्याच्या फुलात ती नसते. शेंगा धरल्यावर ओळख आणखी सोपी होते. दोघांनाही शेंगा जोडीनेच येतात, पण काळ्या कुड्याच्या जोडीची टोकं एकमेकींना चिकटलेली राहतात आणि पांढऱ्याच्या शेंगा सुट्या लोंबतात. रानातून काही आणून खाणाऱ्याला एवढं बारीक दिसायलाच हवं. नुसत्या फोटोवरून ओळखून काहीही तोंडात टाकू नये. ओळखणाऱ्या माणसाबरोबर जावं.

सालीचं आणखी एक. पानांत बनलेली साखर सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जाते. खोडाभोवती पूर्ण वळसा घालून साल काढली तर मुळं उपाशी राहतात आणि झाड मरतं. जाणते वैदू एका बाजूची थोडीच साल घेतात.

वैशाख सरता सरता ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारांत आदिवासी बाया शेवळं घेऊन बसतात. सुरणाच्या जातीतल्या या कंदाला पानाआधी फुलोरा येतो, जमिनीतून सरळ वर निघालेला, जांभळट तपकिरी. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, ते जिभेत आणि घशात टोचतात. नीट साफ न करता खाल्ला तर घसा असा खवखवतो की विचारू नका. म्हणून आतला पिवळा रवाळ भाग काढून टाकतात आणि भाजीत काकडं घालतात. काकड हे वेगळंच झाड. त्याची आंबट हिरवी फळं याच दिवसांत धरतात. आंबटाने खाज शमते हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. टोपल्यांत शेवळं आणि काकडं शेजारी शेजारी दिसतात आणि विकणारी दोन्ही मिळूनच देते. दोन वेगळ्या वनस्पतींची ही जोडी पहिल्यांदा कोणी जमवली असेल, त्या बाईला माझा नमस्कार.

चारोळीचं दुखणं वेगळं आहे. ती आंब्याच्या, काजूच्या कुळातली. फळ पिकून काळसर जांभळं होतं, गर गोड-आंबट, आतली कठीण आठळी जात्यावर भरडली की श्रीखंडावर घालतो ती चारोळी निघते. पण पिकेपर्यंत जो थांबतो त्याला काहीच उरत नाही. म्हणून लोक कच्चीच फळं उतरवतात, कधी फांद्याच तोडतात. कच्च्या फळातून दाणा हलका निघतो, भाव कमी मिळतो आणि रुजायला बी उरत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा हक्क जंगलात राहणाऱ्यांना दिला आहे. एकाच तारखेनंतर सगळ्यांनी तोडणी सुरू करायची, असं ग्रामसभेने ठरवलं आणि पाळलं, तर हा तोटा टळतो.

मोहाखालची जमीन साफ दिसावी म्हणून पाचोळा जाळण्याची पद्धत मात्र थांबायला हवी. ती आग पसरते आणि झाडाखालची कोवळी रोपं जळतात. झाडाखाली जुन्या साड्या किंवा जाळी बांधली तरी फुलं स्वच्छ मिळतात. आज शेताच्या बांधांवर जुने मोह दिसतात, तरणे फार कमी. तेलासाठी बी जवळजवळ सगळं वेचलं जातं, आणि जे उरतं त्याला वेळ फार थोडा असतो. मोहाचं बी साठवून टिकत नाही. पावसाच्या तोंडावर ते पडतं आणि काही आठवड्यांत रुजलं नाही तर मरतं. रुजलं, आगीतून आणि गुरांच्या तोंडून वाचलं, तर पहिलं फूल यायला आठ-दहा वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात.