गिलानुपट्ठान आणि रंजनोपचार

दौंड जंक्शनवर रेल्वेच्या नोकरीत आयुष्य घालविलेल्या एका वृद्ध उपासकांना उजव्या अंगाचा अर्धांगवायू झाला आणि त्यांची वाचा गेली. घरातील माणसांची नावेही त्यांच्या ओठांवर येईनात. पौर्णिमेच्या वंदनेस मुलांनी त्यांना खुर्चीसह उचलून विहारात आणले. सर्वांनी त्रिसरण म्हणावयास प्रारंभ करताच त्यांचाही स्वर त्यात स्पष्टपणे मिसळला. उपस्थितांनी यास चमत्कार म्हटले. आम्ही तेथे होतो, आणि तो शब्द आम्हांस खटकला. कारणावाचून काही घडते असे मानणे हे पटिच्चसमुप्पाद शिकणाऱ्यांना शोभत नाही.

कारण मेंदूच्या रचनेत आहे. बहुतेक माणसांमध्ये भाषेचे केंद्र मेंदूच्या डाव्या अर्धात असते व तोच अर्ध शरीराची उजवी बाजू चालवितो. म्हणून उजवे अंग लुळे पडते तेव्हा पुष्कळदा वाचाही जाते. परंतु लहानपणापासून मुखोद्गत झालेले, लयीत म्हटले जाणारे शब्द केवळ त्या एका केंद्रावर अवलंबून नसतात. त्यात उजव्या अर्धाचाही वाटा असतो. याच निरीक्षणावरून अमेरिकेतील बोस्टन येथे १९७३ साली अल्बर्ट, स्पार्क्स व हेल्म यांनी स्वरबद्ध उच्चाराची उपचारपद्धती मांडली. रुग्णाने नित्याची लहान वाक्ये प्रथम सुरात म्हणावयाची, डाव्या हाताने ठेका धरावयाचा, आणि मग हळूहळू सूर कमी करीत बोलण्याकडे यावयाचे. आमच्या उपासकांना त्रिसरण येत होते, पण घरी पाणी मागता येत नव्हते. गाथांपासून पाण्यापर्यंतचे हे अंतर आपोआप सरत नाही. त्यासाठी वाचोपचार जाणणारा माणूस लागतो.

खेळ, संगीत, नृत्य, बागकाम, चित्रकला यांचा योजनापूर्वक उपयोग करून रुग्णाचे सामर्थ्य व उमेद वाढविणे म्हणजे रंजनोपचार होय. (शब्द आम्ही नाइलाजाने वापरतो. रञ्ज् या धातूपासूनच 'राग' म्हणजे आसक्ती हा शब्दही निघाला आहे, याची पालीच्या विद्यार्थ्यांस आठवण असेलच.) भौतिकोपचारात सांधा व स्नायू पाहिला जातो, येथे त्या सांध्याने माणूस काय करू इच्छितो हे पाहिले जाते.

आमच्या काही वाचकांची शंका आम्ही ऐकली आहे की, नृत्य-गीत-वादन तर शिक्षापदांत वर्ज्य आहे. ते शिक्षापद श्रामणेरांच्या दहांत व उपोसथाच्या आठांत येते. उपासकाच्या पंचशीलात नाही. सिगालोवाद सुत्तात तमाशे-जत्रांच्या मागे भटकण्यास संपत्तिनाशाचे द्वार म्हटले आहे, ते व्यसनाला उद्देशून. लुळ्या हाताने चेंडू झेलण्याशी त्याचा काय संबंध? उलट महावग्गात उत्तम परिचारकाची जी पाच अंगे सांगितली आहेत त्यांत औषध सिद्ध करणे, पथ्यापथ्य जाणणे, लाभाविना मैत्रीने सेवा करणे व मलमूत्राची किळस न धरणे यांच्या जोडीला, वेळोवेळी धम्मकथेने रुग्णास उत्साहित व प्रसन्न करणे हेही एक अंग आहे. प्रसन्नता ही शुश्रूषेचाच भाग होय, हे तेथे स्पष्टच आहे.

कंपवाताचे उदाहरण अधिक बोलके आहे. या रोगात चालता चालता पाय जमिनीस खिळतात. परंतु बाहेरून ठेका मिळाला किंवा जमिनीवर आडव्या रेघा दिसल्या तर पाऊल उचलते, कारण अंतर्गत लय बिघडली तरी बाह्य लयीचा आधार घेता येतो. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे २००१ पासून मार्क मॉरिस यांच्या संचाने कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालविले. पुण्यातही २०१० च्या सुमारास नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्स मित्रमंडळातील रुग्णांना नृत्य शिकविण्यास आरंभ केला. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगताना प्रवासाची क्षमता, अल्प आजार व अन्नाचे पचन हे शारीरिक लाभही गणले आहेत, हे येथे आठवते. अर्थात त्या सुत्तात कंपवातावरील उपचार शोधणे हा अतिरेक ठरेल.

मज्जारज्जूच्या इजेबाबत महाराष्ट्राजवळ मोठा दाखला आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचे बळ गेले. उपचार म्हणून ते पोहू लागले, आणि १९७२ साली हायडलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले.

स्वतः बाबासाहेबांना मधुमेह होता व पायांतील मज्जातंतूंच्या वेदनांनी त्यांची झोप जात असे. त्याच उत्तरायुष्यात ते व्हायोलिन शिकत होते. यास कोणी उपचार म्हटले नव्हते. आम्हीही म्हणत नाही. परंतु विद्वत्तेच्या त्या पर्वताला वाद्याची गरज भासली, याची आपण फारशी दखल घेतलेली नाही.

शिरूर व दौंड या दोन्ही गावांहून पुणे सुमारे ७० ते ८० किलोमीटर. उसाच्या फडावर जाणाऱ्या कुटुंबाला रुग्णासह दर आठवड्यास तेथे जाणे परवडत नाही. मग पडवीतील खाट हेच त्याचे जग होते. विहार मात्र गावातच असतो. तज्ज्ञाने एकदा तपासून कार्यक्रम आखून दिला, तर सामूहिक गाथापठण, ठेक्यावर चालणे, बसल्या जागी चेंडू झेलणे, कुंडीत रोपे लावणे हे विहारात सहज होण्याजोगे आहे. तीन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. गिळण्यास त्रास असलेल्यास बैठकीत खीर वा पाणी घाईने देऊ नये. तोल जाणाऱ्याच्या अशक्त बाजूस एक माणूस उभा असावा. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने ज्यांचे तळवे बधिर झाले आहेत, त्यांना उन्हाळ्यात तापलेल्या फरशीवर अनवाणी चालवू नये. त्यांना भाजलेले कळत नाही. अशांसाठी आत वापरावयाची वेगळी पादत्राणे ठेवावीत. विनयातही उपाहनांचे नियम आजाऱ्यांसाठी शिथिल केलेले आहेत.

२०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वे मान्य केली. त्यांत कंपवात, मेंदूचा पक्षाघात, स्नायूंचा क्षय, कुष्ठमुक्त व्यक्ती हे सर्व आहेत, आणि संस्कृती व मनोरंजन यांतील सहभागास त्यात स्वतंत्र कलम आहे. तरीही आमच्या पाहण्यातील बहुतेक विहारांना पाच-सात पायऱ्या आहेत व उतार एकालाही नाही. बुद्धदर्शनास निघालेला एक भिक्खू वाटेत आजारी पडला आणि नियमामुळे वाहनात बसण्यास संकोचला, तेव्हा भगवंतांनी आजाऱ्यास वाहनाची अनुज्ञा दिली. दौंडच्या त्या उपासकांना मात्र आजही प्रत्येक पौर्णिमेस चार माणसे उचलून आत नेतात, आणि चार माणसे जमली नाहीत तर ते येत नाहीत.