योजनेतला कोड आणि कुटुंबाचे पाच लाख

२ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं नांदेड होतं. लातूरला ती नोव्हेंबर २०१३ मध्ये पोचली. पुढे योजनेला महात्मा जोतीराव फुले यांचं नाव मिळालं, आयुष्मान भारत आली, आणि आता दोन्ही एकत्र चालतात. म्हणजे कोड लावायला आपण नवखे नाही. तरी क्लेम अडकतात, आणि सगळेच काही चुकून अडकत नाहीत.

कोड म्हणजे पॅकेजचं नाव. त्याच्या ठरलेल्या रकमेत खाट, ऑपरेशन, भूल, औषधं, तपासण्या, जेवण सगळं धरलेलं असतं. त्यामुळे योजनेत घेतलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाला चिठ्ठी देऊन बाहेरच्या मेडिकलवर पाठवणं म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे घेणं.

आता समजा, औशाचा एक शेतकरी गाडीवरून पडला, हाताचं हाड मोडलं. केलं प्लास्टर आणि कोड लावला प्लेट टाकल्याच्या ऑपरेशनचा. लोक म्हणतात, पैसे सरकारचे, त्याचं काय गेलं? अहो, गेलं ना! वर्षाचे पाच लाख हे अख्ख्या कुटुंबाचे आहेत. त्याच वर्षी घरातल्या म्हाताऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन निघालं तर तेवढी रक्कम कमी भरते. शिवाय त्या माणसाच्या नोंदीत कायमची प्लेट बसली, हातात नसली तरी.

दुसरा प्रकार तुकडे पाडण्याचा. एकाच वेळी दोन ऑपरेशनं केली, तर आयुष्मान भारतच्या नियमानं मोठ्याचे पूर्ण पैसे मिळतात, दुसऱ्याचे निम्मे, तिसऱ्याचे पाव. मग कुणी दोन तारखा दाखवतं. पण भूल दिल्याची नोंद एकच असते, तिथंच सापडतं.

प्रामाणिक डॉक्टरही एका जागी अडकतात. मंजुरी एका आजाराची घेतली, पोट उघडल्यावर निघालं भलतंच. अशा वेळी जे दिसलं तेच ऑपरेशन नोटमध्ये लिहा आणि लगेच बदललेल्या कोडची मंजुरी मागा. जुन्या कोडला शोभेल अशी नोट लिहायला ऑपरेटरनं सांगितलं, तर सही करू नका. घाईपेक्षा ही सवय जास्त घातक आहे, असं माझं मत.

ऑगस्ट २०२३ मध्ये कॅगचा अहवाल संसदेत आला. आयुष्मान भारतचे ७,४९,८२० लाभार्थी एकाच मोबाईल नंबरला जोडलेले होते. नंबर होता दहा वेळा नऊ! (हशा) एकाच काळात दोन रुग्णालयांत दाखल असलेली माणसंही त्यात सापडली. त्यावर खुलासा असा आला, की बाळंतीण एका रुग्णालयात असते आणि बाळ दुसरीकडे काचेच्या पेटीत, पण कार्ड आईचंच. म्हणून बाळाला हलवताना कागदावर स्पष्ट लिहा, 'अमुकचं नवजात बाळ', नाहीतर खरा क्लेमही खोटा दिसतो.

मागून प्रश्न आलाय : 'आम्हा नातेवाइकांना हे कळणार कसं?' सुट्टी घेताना आरोग्यमित्राला दोनच गोष्टी विचारा : कोणतं पॅकेज लावलं आणि किती रक्कम वजा झाली. डिस्चार्ज कार्डावरच्या उपचाराशी ते जुळवून बघा. जुळलं नाही तर १५५३८८ वर फोन करा, केंद्राचा नंबर १४५५५. रुग्णालयाचं नाव, दाखल झाल्याची तारीख आणि कार्डाचा नंबर हाताशी ठेवा. तेवढं ते विचारतीलच.