मतपरीक्षा : श्रद्धा तपासून घेण्याची ख्रिस्ती रीत

घर, आडनाव आणि मातृभाषा यांप्रमाणेच धर्मश्रद्धाही बहुतेकांना न मागता मिळते. ती चुकीची असते असे नाही, पण ती तपासलेली नसते. तपासण्याची वेळ आली की आपण दोन टोकांपैकी एक गाठतो. कुणाला प्रश्न म्हणजे धर्माचा अपमान वाटतो, तर कुणाला प्रश्न पडला म्हणजे श्रद्धा संपलीच असे वाटते. दोघांचे गृहीत मात्र एकच असते : श्रद्धा आणि तपासणी एकत्र नांदू शकत नाहीत. हे गृहीत ख्रिस्ती परंपरेला लागू पडत नाही, असे माझे म्हणणे आहे. आपली श्रद्धा पुराव्यापुढे उभी करणे हे त्या परंपरेत श्रद्धेचेच कर्तव्य आहे. याचे दाखले युरोपात शोधत जाण्याची गरज नाही. एकोणिसाव्या शतकातल्या दोन मराठी विद्वानांची चरित्रे त्यासाठी पुरेशी बोलकी आहेत.

आधी मूळ ग्रंथ पाहू. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या प्रारंभीच सांगतो की, घटना प्रत्यक्ष पाहिलेल्यांनी जे सांगितले त्याचा आपण मुळापासून शोध घेतला आहे आणि वाचकाला खातरी पटावी म्हणून ते क्रमाने लिहून काढले आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात बिरुया नगरातल्या लोकांची वाखाणणी आहे, ती पौलाचे बोलणे खरे आहे की नाही हे ते रोज शास्त्र उघडून पडताळत म्हणून. प्रेषिताचा शब्द पडताळून पाहणाऱ्यांना इथे उद्धट ठरवलेले नाही, थोर मनाचे म्हटले आहे. थेस्सलनीकाच्या मंडळीला पौल सगळे पारखून घेण्यास आणि चांगले ते धरून ठेवण्यास सांगतो. सर्वांत धाडसी विधान करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात आहे. ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर आपला उपदेश व्यर्थ, तुमचा विश्वासही व्यर्थ आणि आपण खोटे साक्षीदार, असे पौल तिथे स्वतःच लिहून ठेवतो. त्याच अध्यायात पाचशेहून अधिक साक्षीदारांचा उल्लेख येतो आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत असेही तो नमूद करतो. घटनेनंतर साधारण पंचवीस वर्षांत लिहिलेले हे पत्र आहे. ज्याला शंका आहे त्याने जाऊन विचारावे, असाच त्या उल्लेखाचा रोख आहे. कोणती गोष्ट खोटी निघाली तर आपला धर्म कोसळेल हे पौल इतक्या उघडपणे सांगतो, याचा अर्थ त्याला तपासणीचे भय नाही.

आता आपल्याकडे वळू. 1839 मध्ये कंपनी सरकारच्या मुलकी सेवेतले स्कॉटिश अधिकारी जॉन म्यूर यांचा 'मतपरीक्षा' हा संस्कृत ग्रंथ कलकत्त्यात प्रसिद्ध झाला. गुरुशिष्य संवादाच्या रूपात त्यांनी खऱ्या शास्त्राच्या कसोट्या मांडल्या : प्रवर्तकाचे अलौकिक सामर्थ्य, शिकवणुकीचे पावित्र्य आणि सर्व मानवांना लागू पडणारी व्याप्ती. या कसोट्यांवर ख्रिस्ती धर्मच उतरतो असा त्यांचा निष्कर्ष होता. संस्कृत पंडितांनी या ग्रंथाला संस्कृतातच उत्तरे दिली. पहिले उत्तर त्याच वर्षी सोमनाथ या नावाने आले. हे सोमनाथ म्हणजे सिहोरचे मराठी ज्योतिषी सुबाजी बापू असावेत, असे अभ्यासक मानतात. त्यांची भूमिका समन्वयाची होती : देवाने वेगवेगळ्या लोकांसाठी वेगवेगळे मार्ग नेमले आहेत. दुसरे उत्तर बंगालच्या हरचंद्र तर्कपंचानन यांनी दिले. तिसरे उत्तर काशीतल्या एका कोकणस्थ घराण्यातल्या, जेमतेम विशीतल्या तरुणाने लिहिले. त्या ग्रंथाचे नाव 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' आणि तरुणाचे नाव नीळकंठशास्त्री गोरे.

गोऱ्यांचे आक्षेप वरवरचे नव्हते. देव न्यायी आणि दयाळू असेल तर मर्यादित पापासाठी अनंत शिक्षा कशी? पूर्वजन्म मानला नाही तर एक मूल सुखात आणि दुसरे दुःखात का जन्मते? मुक्या जनावरांनी कोणते पाप केले म्हणून ती यातना भोगतात? आजही कोणत्याही ख्रिस्ती धर्मपंडिताला घाम फोडतील असे हे प्रश्न आहेत. काशीतल्या मिशनऱ्यांचे खंडन करायचे म्हणून गोरे त्यांच्याशी वाद घालू लागले. वादासाठी बायबल वाचावे लागले आणि त्या वाचनात स्वतःच्याच भूमिकेला तडे जात आहेत हे त्यांच्या ध्यानात आले. 1848 मध्ये जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे 1860 मध्ये त्यांनी 'षड्दर्शन दर्पण' हा हिंदी ग्रंथ लिहिला. ज्याचे खंडन करायचे त्या दर्शनाचे म्हणणे आधी नीट मांडायचे, ही शास्त्रार्थाची शिस्त त्यात आहे. बाप्तिस्म्याने त्यांच्या शंका मात्र थांबल्या नाहीत. तरुणपणी दुसऱ्यांवर रोखलेले प्रश्न ते आयुष्यभर स्वतःला विचारत राहिले. पंथ बदलून पाहिला, संन्यस्त संघात नवशिक्या म्हणून राहिले, पण अखेरचे व्रत घेतले नाही. 1895 मध्ये ते वारले तेव्हा ते निष्ठावंत ख्रिस्ती धर्मगुरू होते आणि तितकेच अस्वस्थ विचारवंतही होते.

याच गोरे यांच्या पत्रांनी पंडिता रमाबाईंच्या बौद्धिक शंका दूर व्हायला मदत झाली. रमाबाईंची गोष्ट मात्र आणखी पुढे जाते. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी पुराणे मुखोद्गत करून तीर्थयात्रा करत वाढली. दुष्काळात आईवडील गेले. 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले. शास्त्रांच्या अभ्यासातूनच तिला एक गोष्ट दिसली : परस्परांशी न जुळणारे ग्रंथ स्त्रीला आणि शूद्राला कमी लेखण्यापुरते मात्र एकमुखी आहेत. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे रमाबाईंनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला. इथे बहुतेकांची गोष्ट संपते, पण रमाबाईंची खरी मतपरीक्षा इथून सुरू होते. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, अथनासियसच्या मतांगीकारातली शापवाणी यांवर त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेरल्डिन आणि चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी प्रदीर्घ पत्रव्यवहार केला. एका पत्रात गळ्यातल्या क्रुसावरच्या अक्षरांवरून वाद आहे. लॅटिन आपल्याला कळत नाही आणि आपल्या देशातल्या लोकांनाही कळत नाही, मग क्रुसावर संस्कृत शब्द का नकोत, असे त्या विचारतात. मे 1885 च्या पत्रात तर त्या बजावतात की, भारतातल्या पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारून दिल्यावर तसलेच दुसरे जोखड मानेवर घेण्याची आपली तयारी नाही. गुरुस्थानी असलेल्या, प्रेमाने सांभाळणाऱ्या माणसांना हे लिहायला मोठे धैर्य लागते.

या धैर्याची किंमत त्यांना दोन्हीकडून मोजावी लागली. इंग्लंडमधल्या चर्चमध्ये त्या हट्टी ठरल्या. इकडे 1889 मध्ये सुरू केलेल्या शारदा सदन या शाळेतल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे वळत आहेत म्हणून 1893 मध्ये वादळ उठले आणि रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पुढे 1907 मध्ये आपली साक्ष लिहिताना रमाबाईंनी स्वतःवरही निर्णय दिला : बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, तो काही वर्षांनी सापडला. हिब्रू आणि ग्रीक शिकून खेड्यातल्या साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी संपूर्ण बायबल उतरवले. त्यांच्या निधनानंतर, 1924 मध्ये, ते प्रसिद्ध झाले. दुसऱ्याचे ऐकून मानू नका, स्वतः वाचा, हा त्यामागचा आग्रह होता. मतपरीक्षा हे पंडितांचे काम आहे, सामान्यांनी त्यात पडू नये, या पहिल्या आक्षेपाला रमाबाईंनी ग्रंथानेच उत्तर दिले.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. ही सगळी परीक्षा राज्यकर्त्यांच्या छायेत झाली आणि मिशनरी दुसऱ्यांच्या धर्माला जी कसोटी लावत ती स्वतःच्या धर्माला लावत नसत. हे बऱ्याच अंशी खरे आहे, ते मान्य केले पाहिजे. चमत्कारांनी पुराणे खोटी ठरत असतील तर तोच न्याय शुभवर्तमानांनाही लागू होतो. पण या दुटप्पीपणावर उपाय काय? परीक्षा सोडून देणे हा उपाय नव्हे, ती दोन्हीकडे सारखी लावणे हाच उपाय आहे. गोऱ्यांनी आणि रमाबाईंनी नेमके तेच केले. म्हणूनच त्यांचे धर्मांतर राज्यकर्त्यांच्या सोयीचे उरले नाही.

तिसरा आक्षेप आजचा आहे : ज्याचे त्याचे सत्य वेगळे, मग तपासायचे कशाला? सुबाजी बापूंच्या समन्वयात सौजन्य आहे आणि ते जपलेच पाहिजे. पण ख्रिस्त उठला किंवा उठला नाही, मनुष्य पुन्हा जन्मतो किंवा जन्मत नाही, ही विधाने एकाच वेळी दोन्ही खरी असू शकत नाहीत. सर्वांना आदर देणे वेगळे आणि सर्व विधाने खरी मानणे वेगळे. चौथा आक्षेप श्रद्धाळूंचा आहे : सगळे सिद्ध झाले तर श्रद्धेला जागा कुठे? येशूचा शिष्य थोमा याने उठलेल्या येशूच्या जखमा पाहायला मागितल्या. येशूने न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना धन्य म्हटले, पण त्याआधी थोमापुढे हातही धरला. पुरावा आपल्याला दारापर्यंत नेतो, आत पाऊल विश्वासानेच टाकावे लागते. मात्र भलत्याच दारात शिरू नये यासाठी पुरावा हवाच.

या चरित्रांतून वाचकाने तीन गोष्टी घ्याव्यात. ज्याच्याशी मतभेद आहे त्याचे म्हणणे, तो मान डोलावेल इतक्या प्रामाणिकपणे मांडता येते का ते पाहावे. आपली श्रद्धा कोणती गोष्ट खोटी ठरली तर कोसळेल, हे पौलाप्रमाणे स्वतःशी लिहून ठेवावे. आणि निर्णय झाल्यावरही प्रश्न विचारणे थांबवू नये. ख्रिस्ती वाचकाने ही कसोटी आधी स्वतःच्या चर्चला, स्वतःच्या उपदेशकाला आणि स्वतःच्या सवयीच्या प्रार्थनेला लावावी. इतर वाचकांनी ती आपापल्या परंपरेला लावावी. सत्य देवाचे असेल तर त्याला आपल्या प्रश्नांपासून धोका नाही, आणि जे प्रश्नांपुढे टिकत नाही ते जपण्याचे कर्तव्य कोणत्याही धर्माने आपल्यावर टाकलेले नाही.